आधी नोंद, मग तक्रार

"बाबा, पुन्हा नेट अडकलं!" गेल्या वर्षी दांडिया बाजारातल्या आमच्या घरात हे वाक्य रोज रात्री ऐकू येई. नववीतला मुलगा प्लेस्टेशनवर मित्रांबरोबर फुटबॉल खेळत असे. सामना ऐन रंगात आला की पडद्यावरचे खेळाडू थिजत, मग एकदम पुढे उडी घेत आणि शेवटी संपर्कच तुटे. खेळ अर्धवट सोडला म्हणून त्याच्या नावावर पराभव लागे, आणि मित्र 'पळपुटा' म्हणत ते वेगळेच. मी म्हणे, "तुझ्या खेळापायीच नेट बसतं, माझं ऑफिसचं काम अडतं." एकदा रागाच्या भरात मी त्याचा खेळ महिनाभर बंद केला. आज त्याबद्दलच लिहायचे आहे, कारण दोष त्याचा नव्हता.

बहुतेक पालक करतात तेच मीही केले होते. कंपनीला तीनदा फोन केला आणि मग वरचा प्लॅन घेतला. बिल वाढले, खेळ काही सुधारला नाही. कारण सामना खेळायला फार वेग लागतच नाही. चित्रपट पाहण्याच्या मानाने त्याला लागणारा डेटा अगदी थोडा असतो. लागतो तो वक्तशीरपणा. बटण दाबल्यावर संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ म्हणजे 'पिंग'. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. बडोदे ते मुंबई अंतर साधारण ४०० किलोमीटर, म्हणजे जाण्यायेण्याला ४ मिलिसेकंद पुरेत. वाटेतली यंत्रे धरून २०-३० झाले तरी बिघडत नाही. पण तोच आकडा एका क्षणी २० आणि दुसऱ्या क्षणी ३०० झाला, की खेळ मोडतो. रस्ता कितीही रुंद केला तरी रेल्वेचे फाटक बंद असेल, तर गाडी उभीच राहणार!

बंदीच्या त्या महिन्यात चिरंजीवांनी एक वही केली. लॅपटॉप खेळाच्या जागी ठेवायचा, दोन ठिकाणी पिंग करायचे, एकदा घरातल्या राउटरला आणि एकदा बाहेरच्या सर्व्हरला, आणि वेळ घालून आकडे लिहायचे. एवढ्यानेच बिघाडाचे घर सापडते. राउटरचाच आकडा उड्या मारत असेल, तर दोष घरातल्या वायफायचा. राउटरचा स्थिर आणि बाहेरचा अस्थिर असेल, तर दोष पुढे, म्हणजे लाइनमध्ये किंवा राउटरच्या तोंडाशी झालेल्या गर्दीत.

आमच्याकडे दोन्ही निघाले. राउटर पुढच्या खोलीत, खेळ मागच्या खोलीत आणि मध्ये आजोबांच्या काळातली जाडजूड भिंत. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी तिथे दमतात. २.४ च्या लहरी पलीकडे पोहोचतात, पण तिथे शेजाऱ्यांच्या राउटरांची आणि मायक्रोवेव्हची गर्दी. उपाय साधा होता : राउटरपासून थेट प्लेस्टेशनपर्यंत लॅनची वायर. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते, आम्हाला १५ मीटर पुरली. राउटरचा आकडा त्या दिवसापासून १ वर स्थिरावला.

तरीही रात्री साडेनऊला बाहेरचा आकडा चढे आणि वीसेक मिनिटांनी उतरे. वहीत रोज तीच वेळ. साडेनऊला घरात काय होते? मी फोन चार्जिंगला लावतो, आणि त्या वेळी दिवसभराचे फोटो आपोआप वर चढू लागतात! प्लॅन वाढवला तेव्हा उतरवण्याचा वेग वाढला होता, चढवण्याचा होता तेवढाच राहिला होता. फोटोंच्या रांगेमागे बिचाऱ्या खेळाचे संदेश ताटकळत आणि माझे ऑफिसचे बोलणेही. फोटो चढवणे रात्री उशिरावर टाकले आणि तक्रार मिटली. मुलाची मी माफी मागितली.

प्रत्येक वेळी दोष घरातच असतो असे नाही. उत्तरायणात गच्चीवरून गेलेली तार पतंगाच्या ओढाताणीत दुमडते, राउटरच्या पेटीवर लाल दिवा लागतो; तेव्हा कंपनीच्या माणसालाच बोलवावे. पण वही हातात असली, की 'नेट चालत नाही' एवढेच न म्हणता कधी, किती आणि कुठे अडते ते सांगता येते, आणि टाळाटाळ करणाऱ्यालाही नीट उत्तर द्यावे लागते.

पालकांना विनंती, की मुलांनी किती वेळ खेळावे हे अवश्य ठरवा, पण बिघाडाची शिक्षा त्यांना देऊ नका. विद्यार्थी मित्रांनो, कंट्रोलर आपटण्याआधी आठ दिवस नोंदी ठेवा. आणि विश्वस्त मंडळींना सुचवावेसे वाटते, की संगणक कक्षातला एक तास या तपासणीसाठी द्यावा. प्रयोगवहीत निरीक्षण आधी आणि अनुमान नंतर, हे आपली शाळा मुलांना शिकवतेच. घरी आम्ही मोठी माणसे अनुमानापासून सुरुवात करतो. ती सवय मोडायला मुलाचा एक खेळ कारणी लागला, याचा मला आनंद आहे.

— एक पालक