होर्युजीच्या जळालेल्या भिंती
१/ नारा शहरासाठी एकच दिवस हाती असेल, तर बहुतेक प्रवासी तोदाइजीतील महाबुद्ध पाहून परततात. इ.स. ७५२ मध्ये या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूने केला, हे ऐकून आपला ऊर भरून येतो. माझ्या मते दिवसाचा उत्तरार्ध होर्युजीला द्यावा. तिथे अभिमानाहून मोलाचा धडा मिळतो.

२/ होर्युजीचे ‘कोंदो’, म्हणजे मुख्य सभागृह, जगातील सर्वांत जुन्या लाकडी वास्तूंपैकी एक आहे. त्यातील भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक अजिंठ्याशी करत आले आहेत. २६ जानेवारी १९४९ रोजी, त्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम चालू असतानाच, तिथे आग लागली. आज सभागृहात दिसतात त्या १९६८ मधील प्रतिकृती.

३/ जपानने होरपळलेल्या मूळ भिंतीही जपून ठेवल्या. १९५० मध्ये सांस्कृतिक संपदेच्या रक्षणाचा कायदा झाला. १९५५ पासून दर २६ जानेवारीला देशभरातील मंदिरांत आग विझवण्याचा सराव होतो.

४/ अजिंठ्याच्या प्रतिकृतींनाही आगीने गाठले : रॉबर्ट गिल यांच्या १८६६ मध्ये, तर ग्रिफिथ्स यांच्या १८८५ मध्ये जळाल्या. आपली मूळ चित्रे मात्र आजही लेण्यांत आहेत. प्राचीन स्मारकांसाठी १९५८ चा कायदाही आहे. उणीव आहे ती सवयीची. लेण्यांच्या भिंतींवर स्वतःचे नाव कोरणारे हात परक्यांचे नसतात.

५/ जपानला ही सवय आगीने लावली. आपण तेवढी किंमत मोजण्याची वाट का पाहावी?