पोटाचा पट्टा : किती आवळावा, केव्हा सैल सोडावा?

गेल्या श्रावणातील गोष्ट आहे. पेणचा दवाखाना सांभाळून आठवड्यातून दोन दिवस मी रोह्यास रुग्ण तपासण्यासाठी जातो. तेथे एक पंचेचाळिशीच्या बाई खोकल्याची तक्रार घेऊन आल्या. यजमान धाटावच्या कारखान्यात नोकरीस, घरी सासूबाई आणि दोन शिकणारी मुले. खोकला रात्रीचा, आडवे झाल्यावर वाढणारा. पावसाळा ऐन भरात होता, हवा दमट होती आणि तशाच खोकल्याचे दहा रुग्ण बाहेर बसलेले होते. मी छाती तपासली, औषध लिहून दिले. आठ दिवसांनी त्या पुन्हा आल्या; मी औषध बदलले. तिसऱ्या खेपेस श्वासाचा पंपही सुरू केला. खोकला मात्र तसाच राहिला.

चौथ्या भेटीत उठता उठता त्या सहज म्हणाल्या, "डॉक्टर, खोकल्याचं राहू द्या. माझं वजन दोन किलोनं वाढलंय. पट्टा अजून थोडा आवळून घ्यावा म्हणते. तुम्ही तिकडच्या डॉक्टरांना चिठ्ठी द्याल का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बाईंच्या जठरावर काही वर्षांपूर्वी गॅस्ट्रिक बँड बसविलेला आहे, हे मला ठाऊक होते. त्यांच्या कागदांवर माझ्याच अक्षरात ते नोंदलेले होते. तरीही खोकला आणि पट्टा यांचा संबंध असू शकेल, हे तीन आठवडे माझ्या मनात आले नाही. ही चूक सर्वस्वी माझी. वाचकांपैकी कोणाच्या घरी ती पुन्हा घडू नये, म्हणून आजचा लेख. (त्या बाईंची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.)

प्रथम हा पट्टा म्हणजे काय, ते पाहू. जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती सिलिकॉनचे एक कडे बसवितात. त्यामुळे कड्याच्या वर दोन-तीन चमचे अन्न मावेल एवढी लहानशी पिशवी तयार होते आणि उरलेले जठर खाली राहते. कड्याच्या आतील बाजूस एक पोकळ फुगा असतो. फुग्यापासून एक बारीक नळी निघून पोटाच्या त्वचेखाली बसविलेल्या छोट्या डबीला जोडलेली असते. तिला पोर्ट म्हणतात. पोर्टमध्ये सुईने निर्जंतुक सलाइन भरले की फुगा फुगतो व वाट अरुंद होते. काढून घेतले की वाट रुंद होते. जठर कापावे लागत नाही, आतड्याची जोडणी बदलावी लागत नाही आणि पट्टा कमी-जास्त आवळता येतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. लुबोमिर कुझमाक या शल्यचिकित्सकांनी १९८६ मध्ये असा आवळता येणारा पट्टा प्रथम वापरला. १९९३ मध्ये बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीतून बसविला आणि २००१ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पुढील दहा वर्षांत त्याचा जगभर प्रसार झाला.

आज चित्र पालटले आहे. पट्टा मागे पडून स्लीव्ह व बायपास या शस्त्रक्रिया पुढे आल्या आहेत. २०१७ साली इजिप्तच्या ईमान अहमद यांना उपचारांसाठी मुंबईस आणले गेले, तेव्हा लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा विषय आपल्याकडे घरोघरी पोहोचला. त्यांच्यावरही स्लीव्ह शस्त्रक्रियाच झाली होती. तथापि पूर्वी पट्टा बसविलेली माणसे आपल्यात आहेत. त्यांची शस्त्रक्रिया मोठ्या शहरात झालेली असते आणि ताप, खोकला, उलटी झाली की ती येतात आमच्यासारख्या गावच्या डॉक्टरकडे. म्हणून हे ज्ञान शल्यचिकित्सकापुरते राहून चालत नाही.

आता मुख्य प्रश्न : पट्ट्यात पाणी किती भरावे? याचे उत्तर आकड्यात देता येत नाही. काही पट्ट्यांत जेमतेम ४ मिलिलिटर मावते, काहींत १०, तर काहींत १४. म्हणून "माझ्या मावसबहिणीला सहा भरलंय, मला चारच का?" ही तुलना निरर्थक ठरते. एकाच पट्ट्यातही दोन माणसांची गरज सारखी नसते. शिवाय वजन उतरू लागले की जठराभोवतीची चरबीही झडते आणि काल बेताचा असलेला पट्टा आज सैल वाटू लागतो. शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे चार ते सहा आठवड्यांनी पहिली भरणी करतात. पुढे काही आठवड्यांच्या अंतराने, बहुधा अर्धा ते एक मिलिलिटर इतक्या अल्प प्रमाणात, ती वाढवीत नेतात. योग्य पातळी गाठण्यास कित्येक महिने लागू शकतात. त्यात कोणाचे अपयश नसते.

ही पातळी ओळखण्यासाठी जगभर तीन रंगांची भाषा वापरतात. आपल्या पेण-रोहा गाडीच्या वाटेवरील सिग्नल डोळ्यांपुढे आणले, तर ती सहज लक्षात राहील.

पिवळा : पट्टा सैल आहे. जेवून दोन तास होत नाहीत तोच भूक लागते, पूर्वीएवढेच ताट संपते, हात पुन्हापुन्हा फडताळाकडे जातो आणि वजन हलत नाही. अशा वेळी थोडी भरणी करण्याचा विचार होतो.

हिरवा : पट्टा बेताचा आहे. अर्धी ते एक वाटी अन्न सावकाश खाल्ले की समाधान होते आणि ते काही तास टिकते. नीट चावलेली भाकरी, मासळी, उसळ असे घन अन्न खाली उतरते. आठवड्यास अर्धा ते एक किलो वजन घटते किंवा घटलेले वजन स्थिर राहते. येथे भरणीस हात लावू नये.

लाल : पट्टा फार आवळला आहे. घास अडकतो, छातीत दाटते, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, अन्न वर येते. जळजळ होते. आणि रात्री आडवे झाल्यावर आंबट पाणी घशाशी येऊन खोकल्याची उबळ येते. येथे पट्टा सैल करणे हाच उपाय.

आता रोह्याच्या बाईंकडे वळू. मी विचारले, "ताई, दिवसभरात काय खाता, ते सगळं सांगा. लपवू नका." त्या थोड्या अवघडल्या. मग म्हणाल्या, "भाकरी अडकते, मासळी अडकते, चिकन तर जातच नाही. मग चहात बिस्किट बुडवून खाते. पेज, शिरा, खीर, कधी आइस्क्रीम. तेवढंच सुखानं उतरतं." घास वर येत असे, त्याला सासूबाई पित्त समजत आणि कोकम सरबत देत. मे महिन्यात व जूनमध्ये अशी दोनदा त्यांनी भरणी वाढवून घेतली होती. खोकला तेव्हापासूनचा.

येथेच या पट्ट्याचा सर्वांत मोठा चकवा आहे. फार आवळलेला पट्टा भाकरीला अडवितो. पण शिरा, श्रीखंड, आइस्क्रीम, मोदकाचे सारण यांना अडवीत नाही. ते मऊ असतात, सरकन उतरतात आणि त्यांत साखर व तूप भरपूर असते. त्यामुळे पट्टा जितका घट्ट, तितके अन्न मऊ आणि गोड. आणि जितके गोड, तितके वजन वाढते. रुग्णास वाटते, वजन वाढले म्हणजे पट्टा सैल झाला. तो आणखी आवळून मागतो आणि आणखी खोल रुततो. वस्तुतः पट्ट्याचे काम अन्नाची वाट बंद करण्याचे नाहीच. लहान, नीट चावलेला घन घास पट्ट्यातून हळूहळू पुढे ढकलला जात असताना जठराच्या वरच्या भागावर दाब येतो. तेथील मज्जातंतू मेंदूस तृप्तीचा निरोप देतात. घन अन्नच खाल्ले नाही, तर हा निरोप जाणार कोठून?

मी त्यांना सांगितले की पट्टा आवळायचा नसून सैल करायचा आहे. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "डॉक्टर, शस्त्रक्रियेसाठी यांनी कर्ज काढलं होतं. आता सैल केला तर सगळं पाण्यातच गेलं ना?" त्यांची भीती मला समजत होती, गुडघे, साखर आणि लोकांचे बोलणे यांनी गांजलेल्या माणसास पट्टा हाच एक आधार वाटतो. त्यांनी तोडगाही सुचविला : "सुई तर तुम्ही रोज टोचता. थोडं पाणी तुम्हीच काढा ना, मुंबईची खेप वाचेल." मी नकार दिला. पोर्टसाठी खास टोकाची सुई लागते. साध्या इंजेक्शनच्या सुईने पोर्टचा पडदा कायमचा गळका होऊ शकतो. जंतू आत गेले तर सबंध पट्टा काढावा लागण्याची वेळ येते. शिवाय पट्टा जागेवरून घसरला आहे का, वरची पिशवी फुगली आहे का, हे क्ष-किरणात पाहणे अगत्याचे असते. मी सविस्तर चिठ्ठी लिहिली, त्यांच्या शल्यचिकित्सकांना दूरध्वनी केला आणि दुसऱ्याच दिवशी त्या गेल्या. पट्टा जागेवर होता. साधारण एक मिलिलिटर पाणी काढण्यात आले. आठवड्याभरात खोकला थांबला. माझा पंप बंद झाला. दीड महिन्याने अर्धा मिलिलिटर परत भरले. दिवाळीपर्यंत वजन तीन किलोने उतरले होते, आणि तेही भाकरी व मासळी खाऊन.

ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

भरणी शक्यतो सकाळी करून घ्यावी आणि दवाखान्यातच घोट घोट पाणी पिऊन पाहावे. पाणी विनासायास उतरते याची खात्री झाल्यावाचून परतीची गाडी धरू नये. दूरच्या प्रवासाच्या किंवा सणाच्या आदल्या दिवशी भरणी टाळावी. त्यानंतर एक-दोन दिवस पातळ, मग मऊ, मग घन असा क्रम ठेवावा. पट्टा सकाळी अधिक घट्ट वाटतो, असा अनेकांचा अनुभव आहे. त्यांनी न्याहारी जरा उशिरा घेतली तरी चालेल.

घास करंगळीच्या नखाएवढा असावा, लगदा होईपर्यंत चावावा आणि दोन घासांत मिनिटभर थांबावे. वीस-पंचवीस मिनिटांत जेवण आटोपावे. प्रथिने आधी खावीत. दिवसाकाठी साधारण ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. आपल्याकडचे सोललेल्या वालांचे बिरडे, मऊ मासळी, अंडे, पनीर, दही हे उत्तम. चिकट भात, गोळा होणारी तांदळाची भाकरी, ताजा पाव, कोरडे पोहे, चिकनचे तंतू, शेवगा व फणस हे अडकण्याचा संभव अधिक, ते बेतानेच. जेवताना पाणी पिऊ नये. मोठ्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. काही गोळ्या कुटून घेता येतात, परंतु सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्यास अपाय होतो. दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. मधुमेहाचे औषध वजनाबरोबर कमी करावे लागते, म्हणून साखर वरचेवर तपासावी.

लाळ वा पाणीही गिळता येत नसेल, उलट्या थांबत नसतील, पोटात किंवा छातीत तीव्र वेदना असतील, अथवा ताप येऊन पोर्टवरची त्वचा लाल झाली असेल, तर त्याच दिवशी पट्ट्याची माहिती असलेल्या शल्यचिकित्सकाकडे जावे. माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती : अनेक दिवस उलट्या झालेल्या अशा रुग्णास ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी बी-१ जीवनसत्त्व अवश्य द्यावे. ते शरीरातून संपलेले असताना नुसते ग्लुकोज दिल्यास मेंदूस इजा होऊ शकते. गरोदरपणात उलट्या अधिक होत असल्यास पट्टा सैल करून घेता येतो, हेही स्त्रियांनी जाणून असावे.

शेवटची गोष्ट कुटुंबासाठी. आपल्या कोकणात पाहुणचार म्हणजे आग्रह. "एवढंसं काय खातेस? अजून एक घावन घे" असे म्हणणारी प्रेमळ माणसेच अशा रुग्णास नकळत त्रास देतात. दुसऱ्या टोकास, प्रत्येक घास मोजणारे आणि वजनकाट्यावर उभे करणारेही असतात. त्यांच्या धाकाने रुग्ण खरे सांगेनासा होतो. रोह्याच्या बाई महिनोन्महिने घास वर काढत होत्या आणि घरात कोणासही ते सांगत नव्हत्या, कारण त्यांना वाटे की दोष आपलाच. सासूबाईंना मी सारे समजावून सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मला वाटलं, हिला माझ्या हातचं आवडेनासं झालं." आता त्या सुनेसाठी बिरडे वेगळे मऊ शिजवितात आणि ती जेवत असता घाई करीत नाहीत. तुमच्या घरी पट्टा बसविलेले कोणी असेल, तर आज रात्रीच्या जेवणाच्या वेळी वजन किती झाले हे विचारू नका; घास नीट उतरतो ना आणि रात्री खोकला येत नाही ना, एवढे मात्र आवर्जून विचारा.