माणूस गावात, कागद अंधेरीत

सेंटरिंगच्या कामाला मुंबईला गेलेलं पोरगं चार-सहा महिन्यांनी खाटेवर परत येतं, ही गोष्ट आता जव्हार-मोखाड्याला, माणगाव-महाडला किंवा मराठवाड्याच्या तांड्यांना नवलाची राहिलेली नाही. कुणी अंधेरीला परांचीवरून पडतो, कुणी बोरिवलीला लोकलमधून, कुणाला मुलुंड नाक्यावर टेम्पो उडवतो. 'मणका गेला' एवढंच गावाला कळतं. आठ-दहा दिवस माणसं भेटायला येतात, उशाशी बिस्किटाचे पुडे साठतात. मग पेरण्या लागतात आणि खाटेवरचा माणूस व त्याची बायको असे दोघेच घरात उरतात.

या माणसाची अडचण दुहेरी आहे. अपघात एका जिल्ह्यात झालेला असतो आणि घर दुसऱ्या जिल्ह्यात. मुंबई उपनगर हा १९९० साली वेगळा झालेला जिल्हा. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके. घाटकोपर, मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात. तिथे ना जिल्हा परिषद, ना ग्रामपंचायत. गावाकडून आलेल्या मजुराला ओळखणारा तलाठी किंवा पोलीस पाटील तिथे कोण असणार? राजावाडी, कूपर, भगवती, नाहीतर सायन अशा ठिकाणी त्याच्यावर उपचार होतात. ऑपरेशनचा खर्च पुष्कळदा महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून भागतो. दाखला मिळतो, गाडी ठरते, माणूस गावी येतो. पण फिर्याद अंधेरीच्या पोलीस ठाण्यात राहते, पंचनामा तिथेच राहतो, एक्स-रे कुणा नातेवाइकाच्या खोलीवर आणि हजेरीची वही मुकादमाच्या घरी. माणूस गावात आणि कागद अंधेरीत. आमच्या मते अशा घराची अर्धी वाताहत इथे सुरू होते.

आधी दुखण्याविषयी. मणका मोडणे वेगळे आणि मणक्याच्या पोकळीतून जाणारी मज्जारज्जू दुखावणे वेगळे. हाड जुळते, करंगळीएवढ्या जाडीची ती दोरी तुटली तर जुळवण्याचा उपाय वैद्यकशास्त्राला अजून सापडलेला नाही. इजा पाठीत असेल तर पाय जातात, मानेत असेल तर हातही जातात. इजा अर्धवट असेल तर पहिल्या काही महिन्यांत थोडीफार ताकद परत येते, म्हणून या काळात व्यायामोपचार सोडता कामा नये. प्रत्यक्षात मात्र याच काळात घरचे लोक वैदू आणि मालिशवाल्यांच्या दारी फिरतात. अलीकडे स्टेमसेलच्या नावानेही लाखो रुपये उकळले जातात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की या आजारात स्टेमसेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त परवानगी घेतलेल्या प्रयोगात वापरता येतो आणि प्रयोगात रोग्याकडून पैसे घ्यायचे नसतात. जमीन गहाण टाकण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे.

कमरेखालचा भाग बधिर झालेला माणूस बहुधा मूळ जखमेने दगावत नाही. त्याला मारते ते कुशीवर न वळवल्यामुळे माकडहाडावर पडलेले क्षत आणि लघवी तुंबून मूत्रपिंडात शिरलेला जंतू. दर दोन तासांनी कूस बदलणे, रोज कातडी तपासणे, चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढणे ही कामे बाईला दोन दिवसांत शिकवता येतात. पण त्यासाठी गादी लागते, नळ्या लागतात, चाकाची खुर्ची लागते आणि तिला तिची मजुरी बुडवून घरी बसावे लागते. म्हणजे पैसा लागतो, आणि तो या वर्षी लागतो. पाच वर्षांनी मिळालेली भरपाई मूत्रपिंड परत आणत नाही. कोर्टकचेरी नंतर बघू, आधी माणूस बरा होऊ दे, असे जाणती माणसेही सांगतात. हा सल्ला चुकीचा आहे. या दुखण्यात भरपाईचा अर्ज हाही औषधपाण्याचाच भाग समजला पाहिजे.

आता कायदा काय देतो ते पाहू. रस्त्यावर वाहनाने धडक दिली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. तो मुंबईतच करावा लागतो असा समज गावोगाव आहे, पण तसे मुळीच नाही. जखमी माणूस जिथे राहतो त्या भागाच्या न्यायाधिकरणातही दावा चालतो. पालघरच्या माणसाला अंधेरी-बांद्र्याच्या चकरा मारायची गरज नाही. मुदत मात्र सांभाळावी. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा नियम लागू झाला. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेले आहे, पण त्याच्या भरवशावर कुणी स्वस्थ बसू नये. सहा महिने म्हणजे एक खरीप हंगाम. रोग्याच्या उशाशी बसलेल्या घराला तो कधी सरला ते कळतही नाही. पोलिसांनीही अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला की नाही, हे विचारायला पोलीस पाटलाचा एक फोन पुरे.

किती मिळावे याचा पाया एका मुंबईकराच्याच खटल्याने घातला. हट्टंगडी हे मुंबईतले वकील, वय पन्नाशीतले. वाहन अपघातात कमरेखालचे शरीर लुळे पडले. ६ जानेवारी १९९५ रोजी सुप्रीम कोर्टाने त्यांच्या दाव्याचा निकाल देताना भरपाईचे दोन भाग सांगितले. एक, मोजता येणारा, म्हणजे दवाखाना, बुडालेली कमाई, सोबतीला ठेवलेला माणूस. दुसरा, न मोजता येणारा, म्हणजे भोगलेल्या वेदना आणि आयुष्यातून गेलेले सुख. आजही देशभरातली न्यायाधिकरणे हा निवाडा समोर ठेवतात. पण वकिलाला स्वतःची कमाई कागदावर दाखवता येते. सेंटरिंगवाल्याचे काय?

त्याचे उत्तर २०१० च्या ऑक्टोबरात राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात मिळाले. डॉक्टरांच्या दाखल्यावरचा टक्का आणि कमाईची क्षमता किती टक्के गेली, या दोन गोष्टी निराळ्या आहेत, असे कोर्टाने बजावले. दाखल्यावर काही का असेना, ज्याचे पोट उभे राहून, वाकून, ओझे उचलून भरते त्याचे दोन्ही पाय गेले तर कमाई शंभर टक्के गेली, असे म्हणता येते. म्हणूनच 'हा काय काम करत होता' याचा पुरावा मोलाचा आहे. सातबारा, रोजगार हमीचे जॉबकार्ड, मुकादमाची हजेरी, बरोबरच्या दोन मजुरांचे जबाब हे सगळे पुरावेच आहेत.

घरच्या बाईने केलेल्या शुश्रूषेलाही कायद्यात किंमत आहे. हरियाणात ट्रॅक्टरने उडवलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात (तिची इजा मेंदूची होती) फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन मदतनिसांचा खर्च पुढच्या आयुष्याचा हिशेब धरून दिला आणि एकूण भरपाई ६२ लाखांवर नेली. 'बायको करतेच की फुकट' हे वाक्य अर्जात येऊ देऊ नये.

ट्रॅक्टरचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसून जाणाऱ्याचा विमा नसतो. अशा दाव्यांत विमा कंपन्या हात वर करतात आणि कोर्टांनीही अनेकदा त्यांचे म्हणणे मान्य केले आहे. मग सारा बोजा ट्रॅक्टरमालकावर, म्हणजे बहुधा गावातल्याच शेतकऱ्यावर येतो. एका अपघातात दोन घरे बसतात.

बांधकामावर पडलेल्याची वाट निराळी. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण हिशेबाची रीत तीच आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मजुरीच्या साठ टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. पंचवीस वर्षांच्या, महिना दहा हजार मजुरी असलेल्या माणसाची रक्कम तेरा लाखांवर जाते. प्रत्यक्षात ठेकेदाराचा माणूस वॉर्डात येऊन पन्नास हजारांचे पुडके बापाच्या हातात ठेवतो आणि कागदावर अंगठा घेतो. अंगठा देऊ नये हे खरेच. पण दिला असला तरी खचू नये. हक्क सोडल्याचा असा करार कायद्याला मान्य नाही.

रेल्वेतून पडलेल्यांसाठी बोरिवलीचेच उदाहरण आहे. १९८९ साली तिथे लोकलच्या अपघातात समीर झवेरी यांचे दोन्ही पाय गेले. पुढे हा माणूस माहितीचा अधिकार आणि हायकोर्ट यांच्या जोरावर वर्षानुवर्षे रेल्वेशी भांडला. स्टेशनांवर तातडीची वैद्यकीय मदत मिळावी यासाठीच्या लढ्यात त्यांचा वाटा मोठा आहे. चालत्या गाडीतून पडलेल्या प्रवाशाला चूक कुणाची हे न बघता भरपाई मिळते. जानेवारी २०१७ पासून तिची कमाल मर्यादा आठ लाख रुपये आहे आणि अर्ज वर्षाच्या आत रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा बुडत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०१८ साली सांगितले आहे. रूळ ओलांडताना झालेल्या अपघाताला मात्र ही भरपाई नाही.

आणि जो मुंबईला न जाता गावातच आंब्यावरून, नारळावरून किंवा विहिरीत पडला? त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. उंचावरून पडणे तीत बसते. खातेदार शेतकरी आणि कुटुंबातली आणखी एक व्यक्ती, वय १० ते ७५. दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख रुपये. अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. नियमात शब्द 'निकामी' असा आहे, 'तुटलेले' असा नाही. पाय जागेवर दिसतात म्हणून कुणी अर्ज परत करू लागला तर हा शब्द त्याला वाचून दाखवावा.

इतके वाचल्यावर कुणीही म्हणेल, वकिलाचे पैसे कुठून आणायचे? एजंट टक्केवारीवर तयारच असतो. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील आहे. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समिती असते. १५१०० या नंबरवर फोनही करता येतो. लोकअदालतीविषयी एक इशारा देऊन ठेवतो. तिथे पैसे लवकर मिळतात ही चांगली गोष्ट, परंतु तिथल्या निवाड्यावर अपील नाही. पंचवीस वर्षांच्या मुलाच्या उरलेल्या आयुष्याचा सौदा एका दुपारी करू नये. आधी मोफत वकिलाकडून हिशेब मांडून घ्यावा.

सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर आता सिनेमामुळे घरोघरी पोचले आहेत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेला हा जवान १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सोन्याचे पदक घेऊन आला; पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. पण भाषणांत त्यांचे नाव घेऊन खाटेवरच्या पोराला 'हिंमत धर' म्हणणाऱ्यांनी एवढे आठवावे की पेटकरांच्या मागे लष्कराचे इस्पितळ होते, व्यायाम म्हणून पोहायला शिकवणारी माणसे होती. मुंबईतच केतना मेहता यांनी १९९५ च्या पॅराग्लायडिंग अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवरून काम उभे केले आणि २००१ साली मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी नीना फाउंडेशन काढले. हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्रीय संस्था १९५५ पासून आहे. शिकवणारे आहेत, पण सुट्टी मिळण्याआधी रोग्याला तिथवर कुणी नेत नाही.

म्हणून आमची मागणी गावच्या कारभाऱ्यांकडे आहे. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे. नावे मोठी झाली आहेत, तर काम थोडे मोठे करायला हरकत नसावी. गावातला माणूस मुंबईत पडल्याचे कळताच एकाने जाऊन फिर्यादीची नक्कल, पंचनामा, दवाखान्यातली पोलीस नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि सगळी बिले एका पिशवीत घालून आणावीत. त्याच्या एसटीचे भाडे ग्रामनिधीला जड नाही. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, तसाच उपचार झालेल्या सरकारी रुग्णालयातही करता येतो. तिथेच जमला तर रोग्याला पुन्हा जीपमध्ये घालून जिल्ह्याला न्यावे लागणार नाही. त्या दाखल्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज होतो. दिव्यांगांसाठी ही रक्कम दरमहा १५०० वरून २५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ साली झाला आहे.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पुष्कळ ठिकाणी ते मार्चअखेर घाईघाईने वाटले जातात, सगळ्यांना सारखे हजार-पाचशे. त्याऐवजी खाटेवरच्या माणसासाठी हवेची गादी घ्यावी, वर्षभराच्या नळ्या घ्याव्यात, त्याच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत सिमेंटचा उतार करून द्यावा. उताराला दोन पोती सिमेंट आणि एका गवंड्याचा दिवस लागतो. येत्या ग्रामसभेत तेवढा विषय घ्यावा, आणि त्या माणसाला खुर्चीसकट सभेला आणावे.