घराचे माप कोणी घ्यावे?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेशविसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादकडील खेडी गाढ झोपली असता किल्लारीची भूमी हादरली आणि सरकारी गणनेप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे ढिगाऱ्याखाली गेली. भूमीने मारले त्याहून चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदावरील मातीच्या भाराने अधिक मारले.

सरकार स्वस्थ बसले, असे आम्ही म्हणणार नाही. जागतिक बँकेचे कर्ज काढून व अनेक संस्थांचे साह्य घेऊन ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. हे श्रेय देऊनच आम्हांस विचारावयाचे आहे की, नव्या घराचे माप कशावरून ठरले? भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०! भूकंपाने सातबारा पाहून भिंती पाडल्या नव्हत्या. सरकारने मात्र तो पाहून बांधल्या. घरात माणसे किती, हा प्रश्न मागेच राहिला. शिवाय ती सरळ, रुंद रस्त्यांची गावे नकाशावर देखणी खरी. पण गोठा कोठे, कडब्याची गंजी कोठे, शेत किती लांब, याचा विचार नकाशा आखताना फारसा झाला नाही.

याच कार्यक्रमाची दुसरी बाजू कमी गाजली. जी गावे हलविली नाहीत, तेथे दुरुस्तीचे पैसे हप्त्याहप्त्याने घरधन्याच्या हाती दिले गेले, आणि गावच्याच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमून मजबूत बांधकामाची माहिती घरोघर पोचविण्यात आली. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातने हीच वाट मोठ्या प्रमाणावर धरली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा, मलप्रभा फुगल्या, तेव्हा पाण्याने कोणाची हद्द विचारली नाही. सांगली-कोल्हापुराबरोबर बेळगाव जिल्हाही बुडाला. पूर्ण पडलेल्या घरास कर्नाटक सरकारने ५ लाख रुपये जाहीर केले. रक्कम लहान नव्हे. परंतु ज्याचे नाव उताऱ्यावर नाही, त्या भाडेकऱ्याने वा परड्यात झोपडी घालून राहणाऱ्या मजुराने कोणापुढे हात पसरावा? पुढचा पूर येण्यापूर्वीच दोन्ही सरकारांनी नियम करावा: नुकसानीची यादी गावसभेत, गावाला कळणाऱ्या भाषेत वाचली जावी, हरकती तेथेच नोंदवाव्यात, आणि घराचे माप जमिनीवरून न ठरता घरातील माणसांवरून ठरावे.