भिंतीपलीकडचे दार

दाराला कडी लावावी, हे शिकण्यासाठी कोणाला शाळेत जावे लागत नाही. परंतु अलीकडे आपल्या घरांना आणखी एक दार आले आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. वाय-फायचा राउटर दिवाणखान्यातील फडताळावर असला, तरी त्याच्या लहरी भिंतींना जुमानीत नाहीत. जिन्यात, शेजारच्या माजघरात, क्वचित खालच्या रस्त्यावरही त्या पोचतात. या दाराला कडी आहे काय, असा प्रश्न आपण स्वतःस विचारला आहे काय?

‘महिन्याचे पैसे ठरलेलेच आहेत, कोणी चार घटका वापरले तर आपले काय गेले?’ असे म्हणणारे उदार गृहस्थ आम्हांस पुष्कळ भेटतात. त्यांच्या औदार्याविषयी आम्हांस आदर आहे. पण येथे प्रश्न पैशाचा नसून नावाचा आहे. आपल्या जोडणीवरून परका जे काही करील, त्याचा माग काढीत येणारा प्रथम आपल्याच उंबरठ्याशी येतो.

गुजरातेतील आमच्या वाचकांस २६ जुलै २००८ ची संध्याकाळ विसरता येणार नाही. त्या दिवशी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांकडे एक ई-मेल गेली होती. तिचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोचला. त्या घरचे वाय-फाय उघडे होते व परक्यांनी त्याचा उपयोग करून घेतला, असे तपासात पुढे आले. परंतु पोलिसांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले ते त्या घरात राहणाऱ्यास! पुढे २००९ साली केंद्राच्या दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित राखण्याविषयी सूचना काढल्या. उदाहरण टोकाचे आहे, हे मान्य. पण शिकवण रोजच्या व्यवहारातील आहे.

आता कडी कशी लावावी ते पाहू. राउटरला दोन पासवर्ड असतात, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. एक वाय-फायला जोडून घेण्याचा. दुसरा राउटरच्या अंतर्गत मांडणीत शिरण्याचा. पहिला आपण कधीमधी बदलतो, दुसरा मात्र कारखान्यातून आला तसाच राहतो. हा दुसरा ज्याच्या हाती पडला, तो आपल्याला न कळत बँकेच्या जागी खोट्या पानाकडेही वळवू शकतो. म्हणून दोन्ही बदलावेत आणि ते एकमेकांहून निराळे असावेत.

कुलपांच्याही पिढ्या असतात. १९९७ सालचे ‘वेप’ नावाचे कुलूप २००१ मध्येच दुबळे ठरले. २००४ साली ‘डब्ल्यूपीए-२’ आले आणि २०१८ साली ‘डब्ल्यूपीए-३’. मांडणीत या शेवटच्या दोहोंपैकी एक निवडावे. राउटर इतका जुना असेल की त्यात दोन्ही नाहीत, तर तो निवृत्त करावा. बटण दाबून वा आठ आकडी क्रमांकाने झटपट जोडणारी ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद ठेवावी. त्या क्रमांकाचे दोन भाग वेगवेगळे तपासले जात असल्याने सुमारे अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. नुसते वाय-फायचे नाव लपविणे हे काही कुलूप नव्हे; शोधणाऱ्यास ते सहज सापडते.

पासवर्ड लांब असावा. मुलाचे नाव व जन्मसाल, गाडीचा क्रमांक, कुलदैवत ही सारी शेजाऱ्यांना पाठ असतात. त्यापेक्षा एकमेकांशी सुतराम संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहावेत. तांब्या, सायकल, पारिजात, गुरुवार असे काही. (हेच चार घेऊ नयेत, हा अंक पुष्कळ घरी जातो!)

राहिला प्रश्न भिडेचा. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या माणसांना शेजाऱ्यांनीच आधार दिला. ‘काकू, पासवर्ड सांगा ना’ म्हणणाऱ्या शेजारच्या मुलाला नाही म्हणणे आपल्या जिवावर येते, आणि येऊ नये असेही आम्ही म्हणणार नाही. त्यासाठी बहुतेक नव्या राउटरांत पाहुण्यांकरिता निराळे जाळे उघडण्याची सोय असते. त्याला वेगळा पासवर्ड द्यावा. पाहुणा ओसरीवर बसतो, देवघरातील कपाटाशी जात नाही, तसेच हे. त्या मुलाची परीक्षा संपली की तो पासवर्ड बदलावा. मात्र तेथून घडेल त्याचीही जबाबदारी आपल्याकडेच येते, म्हणून ओळखीच्याच माणसांस द्यावा.

ज्या घरी केवळ वृद्ध दांपत्य आहे आणि मुलाने सुटीत येऊन राउटर बसवून दिला आहे, त्या घरांची आम्हांस विशेष काळजी वाटते. परगावच्या मुलामुलींना आमची विनंती अशी, की पुढच्या सुटीत आईवडिलांजवळ बसून जोडलेल्या उपकरणांची यादी उघडावी, एकेक नाव ओळखावे, राउटरमधील प्रणाली अद्ययावत करावी आणि दोन्ही पासवर्ड वहीत लिहून ती वही कपाटात ठेवावी. तासाभराचे काम आहे. ते आपल्या घरी कोणी करावयाचे, एवढे आज रात्री जेवताना ठरवावे.