भरती-ओहोटी नसलेला समुद्र

कोपनहेगनला जाऊन आलो असे म्हटले, की आपल्याकडची मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘थंडी फार असेल, नाही?’ हा पहिला आणि ‘त्या जलपरीचा पुतळा पाहिलात का?’ हा दुसरा. थंडी होती. जलपरीही पाहिली. १९१३ सालापासून ती बिचारी त्या खडकावर बसून आहे. उंची जेमतेम सव्वा मीटर, आणि तिच्यासमोर फोटो काढून घेणाऱ्यांची रांग मात्र आपल्या रेशनच्या दुकानाला लाजवील अशी. याहून अधिक तिच्याविषयी लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. एरवी या सदराला संपादक दोन रकाने देतात. दिवाळीच्या निमित्ताने हात सैल सोडला आहे, तो मी तिथल्या चौपाट्यांवर खर्च करणार आहे.

आमचे चिरंजीव तिकडे नोकरीला. त्यांच्या आग्रहावरून यंदा जूनच्या मध्यावर आम्ही उभयतां गेलो ते ऑगस्ट संपेपर्यंत राहिलो. घर अमागर नावाच्या बेटावर. लिहायचे ‘अमागर’ आणि म्हणायचे जवळजवळ ‘आमा’. डॅनिश माणूस अर्धा शब्द बोलतो आणि उरलेला गिळतो. त्यामुळे त्याच्याकडे पत्ता विचारण्यापेक्षा नकाशा पाहावा हे उत्तम. जुन्या काळी शहराचा सारा मैला या बेटावर आणून टाकीत. त्यावरून बेटाला एक टोपणनाव पडले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. आज त्याच बेटावर शहरातली सर्वांत मोठी चौपाटी आहे. १९३४ साली इथे पहिला किनारा खुला झाला; पण पाणी इतके उथळ, की पोहायचे म्हणजे फर्लांगभर चालत जायचे. तेव्हा या लोकांनी काय करावे? समुद्रात वाळू टाकून किनाऱ्यासमोर दोन किलोमीटर लांबीचे एक नवे बेटच तयार केले. २००५ साली ते पुरे झाले. आता बेटापलीकडे मोकळा समुद्र आणि बेटाच्या अलीकडे शांत, उथळ खाडी. दोन्ही मिळून साडेचार किलोमीटरांहून थोडा अधिकच किनारा. शहराच्या मध्यातून मेट्रोत बसले की पाऊण तासाच्या आत माणूस पाण्यात. त्या मेट्रोला ड्रायव्हर नसतो. पुढच्या काचेशी बसून गाडी आपणच हाकतो आहोत असे समजायचे, हा तिथल्या पोरांचा आवडता खेळ आहे. मीही दोनदा हाकली.

समुद्र म्हणजे काय याची माझी कल्पना गिरगावात तयार झालेली. समुद्र खारट असतो, गढूळ असतो, दिवसातून दोनदा पुढे येतो आणि दोनदा मागे जातो. ओरेसुंदच्या सामुद्रधुनीने यातले एकही कलम मानले नाही. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. वीतभर पाणी वरखाली होते, तेही वारा वाहील तसे. आत बाल्टिकचा समुद्र आहे. त्याला शेकडो नद्या गोडे पाणी पुरवतात आणि महासागराशी त्याचे जाणेयेणे या चिंचोळ्या वाटांतूनच. त्यामुळे महासागराच्या लिटरभर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ असते, तर इथे वरच्या थरात पुष्कळदा दहाच्या आसपास. आमच्या सौ.नी बोट बुडवून जिभेला लावले आणि निर्णय दिला, ‘मीठ घालायला विसरलेली आमटी!’ पाणी मात्र नितळ. गुडघाभर पाण्यात आपल्या पायाची नखे दिसतात. जेलीफिश येतात. पांढुरक्या निरुपद्रवी जातीला तिथे ‘पाण्याचा माणूस’ म्हणतात आणि तांबूस, झोंबणाऱ्या जातीला ‘आग विझवणारा’. नावे ठेवावीत ती अशी. पोरांना एकदा सांगितली की पुन्हा सांगावी लागत नाहीत.

आता कपड्यांचा प्रश्न. तो टाळला तर वाचक म्हणतील, लेखक लाजला. डॅनिश माणूस किनाऱ्यावर आला की प्रथम ऊन आहे का पाहतो आणि असले तर जे अंगावर असेल ते काढतो. किती काढायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. अमागरच्या उत्तरेला हेल्गोलँड म्हणून लाकडी स्नानगृह आहे समुद्रात. तिथे बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा आणि एक दोघांचा. पहिल्या दिवशी सौ. म्हणाल्या, ‘अहो, तिकडे बघू नका.’ चौथ्या दिवशी म्हणाल्या, ‘त्या बाई बघितल्यात का? ऐंशीच्या असतील, आणि कशा ताठ चालतात!’ या अशाच बाया म्हणे जानेवारीतही पाण्यात उतरतात, बाहेर येऊन वाफेच्या खोलीत बसतात आणि मग कामाला जातात. कुणी कुणाकडे पाहत नाही. हे न पाहणे शिकायला मला आठवडा लागला.

२३ जूनच्या संध्याकाळी मात्र सगळे कपडे घालून आले. ही त्यांची सांक्त हान्सची रात्र. किनाऱ्यावर लाकडांचा प्रचंड ढीग, त्यावर गवताची चेटकीण, आणि ते पेटवायचे. आधी एका गृहस्थांचे भाषण झाले. ते अर्थातच लांबले. मग सर्वांनी मिळून गाणे म्हटले. सूर्य मावळायला दहा वाजत आले होते. होळी पेटली आणि आमच्या तोंडाला पुरणपोळीची चव आली. सौ.ना राहवेना. ‘एवढी मोठी होळी, आणि कुणी बोंब कशी नाही मारत?’ सूनबाईने घाईघाईने हात धरला म्हणून बरे! चेटकीण जळून जर्मनीतल्या एका डोंगरावर उडून जाते, अशी समजूत. पण त्या देशात सोळाव्या-सतराव्या शतकात खरोखरीच्या बायकांना चेटकिणी म्हणून जाळलेले आहे, हे सुनेने सांगितले तेव्हा सौ. गप्प झाल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘मग आता तरी बाई कशाला ठेवतात वर? नुसती लाकडं पुरेत की.’ तिथेही असे म्हणणारे आहेत, असे कळले.

किनाऱ्यावरून समोर पाहिले तर पाण्यात पवनचक्क्यांची कमान दिसे. २००० साली तिथे वीस चक्क्या उभ्या केल्या, त्यांतल्या दहा एका सहकारी संस्थेच्या, आठ हजारांहून अधिक सभासदांच्या. साखर कारखान्यांच्या प्रदेशातून गेलेल्या माणसाला याचे अप्रूप वाटायचे कारण नाही. तरीपण वाऱ्याचीही सोसायटी काढता येते हे आमच्या कुणाच्या कसे ध्यानात आले नाही, असे मनात येऊन गेले.

याच पाण्याची दुसरी एक हकीकत आहे. शहराच्या उत्तरेला क्लाम्पेनबोर स्टेशनासमोर बेलव्यूची चौपाटी लागते. मागे हरणांचे जुने रान, त्यातच १५८३ पासून चालत आलेली करमणुकीची बाग. ही चौपाटी १९३२ साली आर्ने याकोब्सन या तरुण वास्तुशिल्पज्ञाने सजवली. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे जीवरक्षकांचे मनोरे त्याचे, जवळची पांढरीशुभ्र घरे त्याची, नाट्यगृह त्याचे. गोष्ट साधी दिसते, पण कामगारवस्तीतल्या माणसाला सुटीच्या दिवशी आगगाडीने येऊन श्रीमंतांच्या बंगल्यांशेजारी पाय पसरता यावेत, हा त्यात विचार होता. पुढे १९३७ च्या कायद्याने समुद्रापासून शंभर मीटरांत बांधकामाला बंदी झाली, ती पुढे बहुतेक ठिकाणी तीनशे मीटरांवर नेली. याकोब्सन ज्यू कुळातला. १९४३ च्या ऑक्टोबरात जर्मनांनी डेन्मार्कमधले ज्यू धरायचे ठरवले, आणि ती बातमी आधी फुटली. मग काही आठवड्यांत सात हजारांहून अधिक माणसे याच किनाऱ्यावरच्या खेड्यांतून, मच्छीमारांच्या होड्यांतून, रात्री-बेरात्री पलीकडे स्वीडनला पोचवली गेली. याकोब्सनही होडी वल्हवीत गेला. युद्ध संपल्यावर परत आला.

मी हे वाचले ते बेलव्यूच्या वाळूवर, पोटावर पालथे पडून. मान वर केली तर पलीकडचा स्वीडनचा किनारा स्वच्छ दिसत होता आणि अलीकडे दोन पोरे रबरी मगरीवरून भांडत होती.

आता आमच्या घरातली गोष्ट. सौ.चा धाकटा भाऊ चौदाव्या वर्षी, १९७३ साली, अलिबागच्या बाजूला समुद्रात गेला. मित्रांबरोबर पोहायला उतरला होता. ओहोटीच्या ओढीत सापडला. त्यानंतर त्या घरात समुद्र हा शब्द निघत नसे. आमचे लग्न झाल्यावर आम्ही दादरला राहिलो, चौपाटी पाच मिनिटांवर. पण ही कोरड्या वाळूपलीकडे कधी गेली नाही. नारळी पौर्णिमेला नारळसुद्धा माझ्या हाती देई.

आमची नात सात वर्षांची. तिच्या शाळेत पोहणे शिकवतात. ती खाडीत उतरली की आजी वाळूवर उभी, पर्स छातीशी धरून. ‘पुरे गं! मागे ये! अजून मागे!’ पोरगी कमरेइतक्या पाण्यात असे. असे दोन आठवडे झाले. एका रविवारी नात पाण्यापाशी गेली आणि परत फिरली. म्हणाली, ‘आजीला भीती वाटते म्हणजे आत काहीतरी असणार. मी नाही जात.’ त्या दिवशी घरी जेवताना कुणी फारसे बोलले नाही. मुलगा आईला काही म्हणाला नाही, पण ताट लवकर उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सौ.नी मला हलवले. ‘अहो, चला.’ बाहेर लख्ख उजाडलेले होते. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवीत होते तेवढेच. सौ. पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. पाण्याच्या कडेला उभ्या राहून त्यांनी विचारले,

‘ओहोटी किती वाजता?’

‘अगं, इथे नसतेच. सांगितलं होतं की.’

‘पुन्हा सांगा.’

मी पुन्हा सांगितले. बाल्टिक, नद्या, वीतभर पाणी, सगळे. त्या ऐकत होत्या की नव्हत्या कोण जाणे. मग माझा हात धरून उतरल्या. पाणी सतरा अंशांचे असावे. माझे दात वाजत होते, त्यांचे नाही. घोटा, गुडघा, मग कमर. तिथे थांबल्या. पाच-सात मिनिटे आम्ही तसेच उभे होतो. पायाशी चिमुकले मासे फिरत होते. एकदाच म्हणाल्या, ‘त्याला पोहता येत होतं हो. छान येत होतं.’ त्यानंतर हात सोडला आणि एकट्या आणखी चार पावले आत जाऊन परत आल्या.

घरी येऊन त्यांनी नातीला उठवले. काय सांगितले ते मला ठाऊक नाही. स्वयंपाकघराचे दार लोटलेले होते. त्या दिवसापासून आजी पाण्यात उभी आणि नात तिच्याभोवती पोहते आहे, अशी व्यवस्था सुरू झाली. ‘पुरे गं!’ पूर्ण बंद झाले असे नव्हे. निम्म्यावर आले.

उत्तरेला टिस्विल्डेलाये म्हणून रम्य किनारा आहे, तिथेही आम्ही आगगाडीने जाऊन आलो. अठराव्या शतकात तिथल्या उडत्या वाळूने गावेच्या गावे सतावली, म्हणून झाडी लावून वाळू थोपवली. १७३८ साली त्याचे स्मारकही उभारले. आज ते दाट रान आहे. वर्णन करीत नाही. आमचे अर्धे लक्ष परतीच्या गाडीकडे होते.

बंदरातल्या स्नानकुंडांबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे. कोपनहेगनच्या बंदराचे पाणी एकेकाळी इतके घाण झाले, की १९५० च्या दशकात तिथे पोहणे बंद करावे लागले. १९९० च्या दशकात नव्वदाहून अधिक जागी सांडपाणी बंदरात आणि आसपासच्या किनाऱ्यावर उतरत असे. नगरपालिकेने जमिनीखाली मोठमोठ्या टाक्या बांधल्या, निम्म्याहून अधिक तोंडे बुजवली, आणि २००२ साली इस्लांड्स ब्रुगे येथे भर शहरात पहिले स्नानकुंड उघडले. लाकडी फळ्यांचा तरंगता धक्का, उडी मारायला मनोरा, जीवरक्षक. प्रवेशाला पैसा नाही. जोराचा पाऊस झाला, की टाक्या भरतात, घाण पुन्हा बंदरात येते आणि मग तांबडे निशाण लागते. २ जुलै २०११ रोजी दोन-तीन तासांत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, त्याची आठवण तिथले लोक अजून काढतात. मी त्यांना २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. पण त्यांनी दीडशेनंतर काय काय केले हे ऐकल्यावर मी आपल्या ९४४ चा विषय वाढवला नाही.

शेवटच्या शनिवारी आम्ही सहकुटुंब तिथे गेलो तर नेमके तांबडे निशाण! आदल्या रात्री पाऊस झाला होता. शे-दीडशे माणसे आली होती. कुणी हुज्जत घातली नाही, कुणी कुंपणावरून उडी मारली नाही. फळ्यांवर बसून लोक आपापले डबे खात होते. सौ.नी दशम्या आणि लसणाची चटणी काढली. नात फार चिडली. तिला मनोऱ्यावरून उडी मारून दाखवायची होती, आणि आजीने त्याला होकार दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशाण हिरवे झाले. आमचे विमान दुपारचे होते. अर्धा तास मिळाला.