मानेवरचा मळ निघत नाही तेव्हा

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो तो हंगाम मधुमेहाला लपायला फार सोयीचा. ऑक्टोबरचा उकाडा सरलेला नसतो, त्यामुळे घशाला कोरड पडली की दोष उन्हाला. नवरात्राचे उपास नुकतेच झालेले असतात, त्यामुळे ब्लाउज सैल झाला की मैत्रिणी कौतुक करतात. अंग मोडून आलं तर साफसफाई आणि फराळाची दगदग. समोरचं धूसर दिसू लागलं तर नंबर वाढला असेल. प्रत्येक तक्रारीला घरात एक कारण तयार असतं आणि ते पटण्यासारखंही असतं.

आपल्या जोगेश्वरीत तर या तक्रारी दाबूनच टाकाव्या लागतात. मेघवाडी ते स्टेशन रिक्षा चालवणारा माणूस तासन्‌तास लघवी तुंबवतो, कारण गाडी लावून जायला जागा नाही. लोकलने कामावर जाणारी बाई घरातून निघताना पाणीच पीत नाही. चाळीत रात्री दोन-तीनदा उठून सार्वजनिक शौचालय गाठणारा सकाळी ते कुणाला सांगत नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती परत शोषून घेणं झेपत नाही. ती लघवीवाटे जाते, जाताना पाणी ओढून नेते, आणि म्हणून तहान लागते. म्हणजे तहान, लघवी आणि घटलेलं वजन यांना आपण सुरुवातीची लक्षणं समजतो, तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

त्याआधीची एक खूण मात्र अभ्यंगस्नानाच्या वेळी सहज दिसू शकते. आई मुलाच्या मानेला उटणं लावते, खसाखसा चोळते आणि वैतागते, कारण मानेच्या वळ्यांमधला काळा पट्टा निघतच नाही. हात फिरवला तर तिथली कातडी मखमलीसारखी जाड लागते. काखेतही तसंच. तो मळ नव्हे. बहुतेकदा, विशेषतः वजन जास्त असेल तर, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते. त्या मुलाला ओरडू नका, डॉक्टरांकडे न्या. त्वचेवर वरचेवर उठणारी गळवं, जांघेतली किंवा योनीमार्गाची न थांबणारी खाज, पायांना मुंग्या, भरून न येणारी जखम, यांचीही दखल तशीच घ्यावी.

‘आमच्यात कुणी जाड नाही’ हा दिलासा पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केव्हाच खोटा ठरवला आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही त्यांना अशीच आढळली: वजन इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. तेव्हा वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेपही महत्त्वाचा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० पार गेली, की हातपाय काटकुळे असले तरी तपासणी करावीच.

२०२१ च्या एका पाहणीत मुंबईतल्या प्रौढांपैकी साधारण १८ टक्क्यांची उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त, म्हणजे मधुमेहाच्या पातळीत निघाली. १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ ही धोक्याची पायरी, पण इथून परत फिरता येतं. चालणं, पोट कमी करणं, ताटातला भात घटवून उसळ वाढवणं यांचा इथे सर्वात जास्त उपयोग होतो. म्हणूनच लक्षणांची वाट पाहू नये असं आम्ही कळकळीने सांगतो. तिशी ओलांडलेल्यांनी, आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह असलेल्यांनी, गरोदरपणात साखर वाढलेल्या बायकांनी तर नाहीच नाही. आपल्याकडे महापालिकेचे दवाखाने आहेत, ‘आपला दवाखाना’ आहे, पूर्वेला ट्रॉमा रुग्णालय आहे. किमान आठ तास उपाशी राहून सकाळी रक्त द्यायचं, एवढंच काम.

१४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन दिवाळीच्या आगेमागेच येतो. बहिणींना एक विनंती: यंदा भाऊबीजेला ओवाळणीत भावाकडून त्याच्या साखरेचा रिपोर्ट मागा, आणि स्वतःचाही त्याला दाखवा.